चढावर गेलेला वेळ उतारावर परत का मिळत नाही?

प्रश्न : माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि सायकलचा भारी शौकीन आहे. 2027 साली फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या 1,200 किलोमीटरच्या राइडला जायचं त्याच्या मनात आहे. दिवाळीत आमच्याकडे मुरारला आला होता. बोलता बोलता म्हणाला, ‘मामा, त्या मार्गावर एकूण 12,000 मीटर चढ आहे.’ मी नकाशा उघडून बघितला, तर सबंध मार्गावर 400 मीटर उंचीची एक जागा नाही! मग हे 12,000 मीटर आले कुठून? शिवाय निघायचं तिथंच परत यायचं, म्हणजे जेवढा चढ तेवढाच उतार. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघायला हवा. तरी तो म्हणतो की असला रस्ता सपाट रस्त्यापेक्षा फार दमवतो. उमेदीच्या काळात मी स्वतः मुरार ते मालनपूर रोज सायकलने जात-येत होतो, तेव्हा या विषयात अगदीच कोरा नाही. यात खरं काय? आणि असा रस्ता आमच्या ग्वाल्हेरजवळ कुठे सापडेल का, म्हणजे पुढच्या खेपेला आला की इथेच सराव करील?
— एक वाचक, मुरार (ग्वाल्हेर)

उत्तर : भाच्याचा आकडा बरोबर आहे आणि तुमचा नकाशाही बरोबर आहे. नकाशा एखादी जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते सांगतो. सायकलवाले मोजतात ती चढाची बेरीज. तीस मीटर चढलात, तीस उतरलात, पुन्हा तीस चढलात, की तुमची उंची तीसच राहते, पण पायांच्या खात्यावर साठ मीटर लागतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा मार्ग साधारण 1,220 किलोमीटरचा आहे. 12,000 ला त्याने भागलं तर दर किलोमीटरला सरासरी 10 मीटर चढ येतो. ऐकायला काहीच नाही. पण ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा कडा भोवतालच्या मैदानापासून सुमारे 100 मीटर उंच आहे. म्हणजे तुमचा भाचा त्या चार दिवसांत 120 वेळा किल्ला चढणार आणि प्रत्येक वेळी खाली उतरून पुन्हा चढायला लागणार.

तो मुलूखच तसा आहे. पॅरिसच्या नैर्ऋत्येला राँबुइएहून सायकली सुटतात. मागच्या दोन्ही वेळा, 2019 आणि 2023 मध्ये, सुरुवात तिथूनच झाली होती. सुरुवातीला गव्हाची मोकळी सपाट शेतं लागतात. मग पेर्शच्या टेकड्या सुरू होतात, आणि मायेन ओलांडून ब्रिटनीत शिरलं की रस्ता शेवटपर्यंत स्थिर होत नाही. ब्रिटनीखाली फार जुना डोंगर आहे. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी उभा राहिलेला आणि तेव्हापासून झिजत आलेला. शिखरं कधीच गेली, आज त्या सगळ्या प्रांतातलं सर्वांत उंच ठिकाणही 400 मीटरच्या आत आहे. पण ग्रॅनाइट आणि शिस्ट खडकात ओढ्यानाल्यांनी आपापली दरी कोरली आहे. त्यात सार्त आणि मायेनसारख्या नद्या उत्तर-दक्षिण वाहतात, आणि रस्ता पूर्वेकडून पश्चिमेला ब्रेस्टच्या बंदराकडे निघालेला. त्यामुळे नदीकाठाने सुखाने जाण्याची सोयच नाही. प्रत्येक दरी आडवी येते. खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, वर चढायचं. वर आलं की कुरणं, कुंपणाची झाडं, चर्चचा मनोरा, आणि लगेच पुढचा उतार.

आता तुमचा खरा प्रश्न, उतारावर भरपाई का होत नाही. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण भल्याभल्या सायकलपटूंनाही याचं उत्तर पायांना कळलेलं असतं, पण सांगता येत नाही. म्हणून आकडे घेऊन बसू.

समजा, भाचा आणि त्याची सायकल मिळून वजन 85 किलो आहे. वारा पडलेला आहे, रस्ता चांगला आहे, आणि तो गप्पा मारता येतील इतपतच जोर लावतो आहे. सपाट रस्त्यावर त्याचा वेग ताशी 25 किलोमीटर आहे. या हिशेबाने 20 किलोमीटर जायला त्याला 48 मिनिटं लागतील. आता त्याच 20 किलोमीटरांपैकी 10 किलोमीटर चढ आणि 10 किलोमीटर उतार करा. चढ अगदी मामुली, 3 टक्क्यांचा. शंभर मीटर पुढे गेलं की तीन मीटर वर. लांबून बघितलं तर डोळ्याला जेमतेम कळतो. जोर तेवढाच ठेवला तर या चढावर त्याचा वेग ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास येतो, आणि उतारावर पेडल तसंच मारत राहिला तर ताशी 40 च्या आसपास जातो.

साडेबाराच्या वेगाने 10 किलोमीटर चढायला किती वेळ लागला? 48 मिनिटं. सपाटीवरचं सबंध 20 किलोमीटरचं अंतर जेवढ्या वेळात झालं असतं, तेवढा वेळ नुसत्या चढानेच घेतला. उताराच्या माथ्यावर उभा असताना त्याच्या खात्यावर एकही मिनिट शिल्लक नाही. आता तो 40 ने उतरला काय किंवा 80 ने उतरला काय, बरोबरी होणं शक्यच नाही. 40 ने उतरला तर 15 मिनिटं लागतील, म्हणजे एकूण 63. तुम्ही मनात 12.5 आणि 40 यांची सरासरी काढली असणार, ती 26 येते आणि वाटतं, फायदाच झाला की! पण सायकल किलोमीटरांवर सरासरी काढत नाही, वेळावर काढते. मंद चालण्यात माणूस जास्त वेळ घालवतो आणि जोरात जाण्यात कमी. म्हणून मंद वेगाचं पारडं नेहमी जड.

हे झालं गणित. पण मग चढावर लावलेला जोर गेला कुठे? वर चढताना तो उंचीच्या रूपाने साठला होता, उतारावर तो परत मिळायला हवा. मिळतोही. फक्त तो भाच्याच्या हाती न पडता बराचसा वाऱ्याच्या हाती पडतो. सायकलस्वाराला सपाटीवर सर्वांत जास्त अडवते ती हवा. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. 25 च्या वेगावर हवा जेवढ्या जोराने मागे ढकलते, त्याच्या अडीचपट जोराने ती 40 च्या वेगावर ढकलते. उतारावर कानात जो वारा घोंघावतो ना, तो चढावर गाळलेल्या घामाचाच आवाज. ब्रेक लावला तर उरलेलं रिमवर उष्णता होऊन जातं. आणि ब्रेक लावावाच लागतो, कारण अशा मुलखात उताराच्या तळाशी बहुधा गाव असतं, अरुंद पूल असतो आणि पुलाच्या तोंडाशीच वळण असतं.

पण चढउताराचा प्रत्येक रस्ता नुकसानीचाच असतो असं मात्र नाही. एक टक्क्याच्या हलक्या उतारावर वेग फारसा वाढत नाही, म्हणून हवाही फार खात नाही आणि बहुतेक सगळं परत मिळतं. अगदी लहान उंचवटेही फुकटात पार होतात. तळाशी सायकलचा वेग ताशी 36 किलोमीटर असेल तर तेवढ्या वेगात सुमारे 5 मीटर उंची चढण्याइतकी शक्ती असते. हवा आणि टायर त्यातलं थोडं कापून घेतात, बाकीचं कामी येतं. म्हणून तीन-चार मीटरचा उंचवटा असेल तर माणूस त्यावरून तरंगत जातो आणि असा रस्ता सपाटीपेक्षाही सुखाचा वाटतो. ब्रिटनीतले चढ एका वेळी वीस, तीस, पन्नास मीटरचे असतात. वेगाच्या जोरावर पहिले चार-पाच मीटर पार होतात, आणि मग बाकीचे पायांनी.

आता हाच हिशेब सबंध मार्गाला लावून बघू. 12,000 मीटर 3 टक्क्यांनी चढायचे म्हणजे 400 किलोमीटर चढ. 400 किलोमीटर उतार. उरलेले 420 सपाट धरा. चढाला 32 तास, उताराला 10, सपाटीला जेमतेम 17, मिळून 59 तास. हेच 1,220 किलोमीटर सपाट असते तर 49 तासांत झाले असते. हा कागदावरचा हिशेब आहे. खरा रस्ता कुठे 2 टक्के असतो, कुठे 7, आणि तीन रात्री जागलेल्या माणसाचा जोर पहिल्या दिवसाइतका राहत नाही. तरीही फरक लक्षात घ्या, 10 तास. या राइडला मुदत 90 तासांची असते आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. जेवण, झोप, पंक्चर, शौचालयाची रांग, सगळं त्या 90 तासांतच बसवायचं. ते 10 तास म्हणजे माणसाची झोप. भाचा ‘दमवतो’ म्हणतो त्याचा अर्थ नुसते पाय दुखतात असा घेऊ नका. असा रस्ता झोप चोरतो.

पायांचं दुखणंही वेगळंच असतं. चढ आला की नकळत जोर वाढतो, कारण वेग पडलेला कुणालाच आवडत नाही. मागून कुणी पुढे गेलं तर विचारूच नका. मग श्वास लागतो, स्नायूंतली साठवलेली साखर भराभर जळते, आणि उतारावर चार मिनिटं हुश्श करेपर्यंत पुढचा चढ हजर. दिवसातून शंभर वेळा असं झालं की संध्याकाळी पाय रिकामे होतात. एकसारखा जोर लावून तेवढंच अंतर गेलेला माणूस त्या मानाने ताजा असतो. म्हणून जाणते राइडर चढावर मुद्दाम मागे राहतात. माथ्यावर पोचल्यावर मात्र पेडल सोडत नाहीत, उताराला लागेपर्यंत वेग परत कमावतात. हे दिसायला सोपं आहे. पहिल्या रात्री हजारो सायकलींच्या लाल दिव्यांची रांग पुढे जाताना बघत मागे राहणं फार कठीण असतं.

इथे गिअर आले. तुमच्या मालनपूरच्या रस्त्याचा उल्लेख वाचून मला फार बरं वाटलं, कारण अॅटलस सायकलींचा एक कारखाना त्या मालनपुरातच होता. तो 2014 मध्ये बंद झाला, आणि साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनी. तुमच्या पिढीने ज्या काळ्या सायकली चालवल्या त्यांना एकच गिअर. पुढे 44 दाते आणि मागे 18 धरले तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते. मालनपूरला जाणाऱ्या भिंड रोडच्या सपाटीला हे उत्तम, तिथे मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी 19-20 चा वेग. तीच सायकल आपल्या 3 टक्क्यांच्या चढावर साडेबाराने न्यायची तर मिनिटाला जेमतेम 38 फेरे पडतात. प्रत्येक फेरा म्हणजे जिना चढल्यासारखा, सगळा भार गुडघ्यावर. आजच्या रोडबाइकला पुढे 34 दात्यांची लहान चकती असते. मागे 24 ची लावली की त्याच वेगाला मिनिटाला सत्तरच्या आसपास फेरे होतात. काम तेवढंच, पण हप्ते लहान. भाच्याला सांगा, मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे चकत्यांच्या संचात, 34 दात्यांपर्यंतची चकती असू दे. ती पहिल्या दिवशी लागणार नाही, तिसऱ्या दिवशी लागेल. तरुण मुलांना मोठ्या चकतीची ऐट असते. ती गुडघ्यांना फार महागात पडते.

ज्यांना असे गिअर नव्हते त्यांनीही हा रस्ता पार केला आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस 1891 च्या सप्टेंबरात झाली. ‘ल पेती जुर्नाल’ या वर्तमानपत्राच्या पिएर जिफारने ती भरवली. उद्देश असा की सायकल हे लांबच्या प्रवासाचं भरवशाचं वाहन आहे हे लोकांना पटावं. दोनशेहून जास्त लोक निघाले. शार्ल तेराँ 71 तास 22 मिनिटांत, तीन रात्री जवळजवळ न झोपता, पहिला आला. त्याच्या चाकांना मिशलँचे हवेचे टायर होते, पंक्चर झाल्यावर काढता येणारे. हवेचे टायर तेव्हा नवेच होते, आणि त्या एका विजयाने त्यांची कीर्ती झाली. पुढे ती शर्यत साधारण दर दहा वर्षांनी होत राहिली. व्यावसायिकांची शर्यत 1951 नंतर बंद पडली. आज जी होते ती दर चार वर्षांनी होणारी हौशी लोकांची राइड आहे. तिला नंबर नाहीत, बक्षीस नाही. 90 तासांत पोचलेला प्रत्येक जण सारखाच.

आणि तिथे आपली माणसं मोठ्या संख्येने जातात. पुण्याच्या दिव्या ताटे यांनी ‘ऑडॅक्स इंडिया’च्या माध्यमातून ही लांब पल्ल्याची शिस्त आपल्याकडे रुजवली. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथले डॉक्टर, इंजिनिअर, दुकानदार, गृहिणी शनिवारी पहाटे बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडसाठी, निघतात आणि रविवारी घरी परततात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. एका हंगामात चारही झाल्या की ‘एसआर झाला’ म्हणतात. पॅरिसला जायचं तर त्याच वर्षी एसआर व्हावं लागतं. तेव्हा भाच्याने 2026 च्या हंगामात कितीही पराक्रम केले तरी 2027 च्या हंगामात चारही राइड पुन्हा कराव्या लागतील, आणि राइड ऑगस्टमध्ये असते म्हणून त्या पावसाळ्यापूर्वी उरकायच्या.

2019 साली तीनशेहून अधिक भारतीयांनी नावं नोंदवली होती. त्यांतल्या बहुतेकांना मुदतीत परतता आलं नाही. त्या वर्षी जाताना ब्रेस्टपर्यंत समोरचा वारा होता, आणि रात्री पारा फार खाली गेला होता. ही कारणं खरीच आहेत. पण मला वाटतं, एक कारण आपल्या सरावाच्या रस्त्यांत आहे. आपल्या राइडरला घाट माहीत असतो. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी लागतो, वाईहून पाचगणीला पसरणी, मुंबईहून नाशिकला कसारा. घाट कठीण असतो, पण तो एकदा येतो आणि संपतो. वर पोचल्यावर चहा होतो, फोटो होतो, आणि पुढे पठार लागतं. घाटासाठी मन बांधता येतं. ब्रिटनीतल्या चढांना नाव नाही, माथ्यावर टपरी नाही, आणि ‘झाला एकदाचा’ असं म्हणायची सोय नाही. चौऱ्याऐंशीवा चढ पहिल्यासारखाच दिसतो. घाटात तयार झालेले दणकट पाय तिथे कमी पडत नाहीत, कमी पडते ती सवय. म्हणून भाच्याने सिंहगडाच्या दहा फेऱ्या मारण्यापेक्षा लहान लहान चढउतारांचा लांब रस्ता धरावा, असं माझं ठाम मत आहे.

असा रस्ता तुमच्या दाराशी आहे. तुमचा जुना भिंड रोड त्या कामाचा नाही. मालनपूर, गोहद चौराहा, मेहगाव, भिंड, सगळं मैदान, आणि ट्रकांची वर्दळ इतकी की लक्ष पायांऐवजी आरशातच राहायचं. वाऱ्याशी झुंजायचा सराव मात्र तिथे होईल. फाल्गुन-चैत्रात पश्चिमेचा वारा सुटला की जाताना पाठीवर घेऊन गेलेला माणूस येताना रडकुंडीला येतो. म्हणून अशा दिवसांत आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि परतताना तो पाठीशी घ्यायचा. पुढे लू चालू झाली की मात्र सायकल घरातच बरी. मुरारहून बडागाव, हस्तिनापूर करत बेहटला जाणारा रस्ता रहदारीला त्या मानाने शांत आहे. बेहट हे तानसेनाचं गाव, मुरारहून जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर होतील. रविवार सकाळची मोकळी राइड म्हणून तो फार चांगला. पाय हलके करायला तिघऱ्याच्या धरणापर्यंतची फेरीही ठीक आहे.

पण खरा सराव होईल तो शिवपुरीच्या रस्त्यावर. ग्वाल्हेर साधारण 200 मीटर उंचीवर आहे आणि शिवपुरी 460 च्या आसपास. शिंद्यांनी उन्हाळी राजधानी तिथे केली ती या उंचीसाठी आणि जंगलासाठीच. 115 किलोमीटरमध्ये अडीचशे मीटर म्हणजे नकाशावर काहीच नाही, तुमच्या फ्रान्सच्या नकाशासारखंच. पण ती उंची सरळ रेषेत मिळत नाही. ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येला मैदान संपून वालुकाश्माच्या टेकड्या सुरू होतात. पनिहारपाशी 29 डिसेंबर 1843 ला मराठी फौजेने इंग्रजांविरुद्ध मोर्चे बांधले ते याच उंचवट्यांवर. तिथून पुढे रस्ता चढतो, नाल्यात उतरतो, पुन्हा चढतो. जाताना चढ थोडे जास्त, येताना उतार थोडे जास्त, पण दोन्ही दिशांना दोन्ही आहेत. जाऊन-येऊन 230 किलोमीटर, म्हणजे बरोबर 200 च्या बीआरएमच्या मापाचं काम. मला आणखी एक गोष्ट फार सुखावते. हा जुना आग्रा-मुंबई रस्ता. शिवपुरीच्या पुढे तो गुना, इंदूर, धुळे, नाशिक करत कसारा घाट उतरून मुंबईला जातो. भाचा मामाच्या गावाहून निघून ज्या रस्त्यावर सराव करील, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचे सह्याद्रीतले मित्र घाम गाळत असतील.

काळजी दोन गोष्टींची घ्या. हा आता चौपदरी महामार्ग आहे, ट्रक वेगाने जातात, तेव्हा कडेची पट्टी सोडायची नाही आणि दिवस असला तरी मागचा लाल दिवा चालू ठेवायचा. आणि शिवपुरीजवळ माधव राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे आता वाघ आणून सोडले आहेत, म्हणून अंधार पडल्यावर त्या भागात सायकल नको. रात्रीचा सराव करायचाच तर मुरार छावणीच्या आसपास ओळखीच्या रस्त्यांवर करावा. पुण्याच्या मुलाला तुमची जानेवारीतली पहाट फार उपयोगी पडेल. ब्रिटनीतल्या रात्री ज्या गारठ्याने बोटं ब्रेकवर वळत नाहीशी होतात, तो गारठा पुण्यात मिळत नाही, मुरारला मिळतो. हातमोजे कुठले घ्यायचे, छातीवर वर्तमानपत्र घालायचं की जाकीट, हे सगळं तिथे शिकून होईल. फक्त धुकं असेल त्या दिवशी घराबाहेर पडू देऊ नका. त्या दिवशी ट्रकवाल्याला काहीच दिसत नाही.

खाण्याचं तर तुम्हाला सांगायलाच नको. लांबच्या राइडला ताशी साठ ग्रॅमच्या आसपास साखर-पिठूळ पदार्थ पोटात जायला लागतात, तेही भूक लागायच्या आधीपासून. एकदा पाय रिकामे झाले की मग खाऊन लगेच उपयोग होत नाही. बाजारात त्यासाठी महागड्या जेलच्या पुड्या मिळतात. हिवाळ्यात मुरैनाची गजक खिशात असली तर त्याच तोडीची सोय झाली. गुळाने लगेच तरतरी येते आणि तिळाने पोटाला आधार राहतो. दर अर्ध्या तासाला एक तुकडा, वर दोन घोट पाणी. चढ लागण्याआधी खायचं, चढावर नाही, कारण धापा टाकताना तीळ घशात अडकतात.

फ्रान्समध्ये तो उपाशी राहील अशी चिंता करू नका. त्या मार्गावरची गावं या राइडची चार वर्षं वाट बघतात. घरासमोर टेबल मांडून लोक रात्री दोन वाजता कॉफी, केक, सूप घेऊन बसलेले असतात. मुलं रस्त्याच्या कडेला हात पुढे करून टाळी मागतात. फुजेरच्या अलीकडे एका कुटुंबाने वर्षानुवर्षं क्रेप आणि कॉफी फुकट दिली आहे. मोबदल्यात त्यांनी एवढंच मागितलं की घरी पोचल्यावर तुमच्या गावचं एक पोस्टकार्ड पाठवा. उन्हाळ्यात आपल्याकडे चौकाचौकांत प्याऊ लावणाऱ्यांना याचं मोल चटकन कळेल. भाच्याला जाताना ग्वाल्हेरच्या किल्ल्याची दोन-चार पोस्टकार्डं जरूर द्या.

आणि शेवटचं, खास मामांसाठी. तो शिवपुरीला निघेल त्या दिवशी गाडी घेऊन त्याच्या मागे मागे जायचा मोह तुम्हाला होईल. जाऊ नका. बीआरएममध्ये मदत घ्यायला परवानगी असते ती फक्त कंट्रोलवर, म्हणजे ठरलेल्या थांब्यांवर. रस्त्यात गाडीतून पाण्याची बाटली घेतली तरी ते नियमाविरुद्ध ठरतं. पॅरिसलाही हाच नियम आहे. पंक्चर त्याचं त्यानेच काढायचं, कंटाळाही त्याचा त्यानेच काढायचा. तुम्ही फार तर वाटेवरच्या मोहन्याला पुढे जाऊन थांबा, चहा सांगून ठेवा, आणि तो आला की वेळ लिहून घ्या. येतानाही तिथेच थांबा. मुरार आणि मोहना यांच्यामधल्या टप्प्याला जाताना किती आणि येताना किती वेळ लागला याचे आकडे मला कळवलेत तर त्याने चढावर जोर जास्त लावला की बरोबर लावला, हे आपण पुढच्या अंकात मिळून तपासू.